मॉरिशसने जनगणनेतून ‘समाज’ काढला, मग मराठी माणूस धर्माच्या तक्त्यात कसा पोहोचला?

निळीशाई

सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे कुठल्याही देशाबद्दल काही वाचलं की ‘हे लोक हे मोजतात कसं?’ हा किडा आधी वळवळतो. सध्या आपल्याकडे जातगणनेवरून जी हमरीतुमरी चाललीय तिच्यात दोन बाजू ठरलेल्या आहेत. एक म्हणते, मोजा, म्हणजे खरं काय ते कळेल. दुसरी म्हणते, मोजलंत की भिंती पक्क्या होतील, त्यापेक्षा विचारूच नका. ही दुसरी बाजू मॉरिशसने खरोखर करून पाहिली आहे. आणि तिथे आपली माणसंही आहेत, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. हे बेट मुळात निर्मनुष्य. डच १६३८ मध्ये वसाहत करायला आले, मग फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. म्हणजे तिथे ‘मूळनिवासी’ कोणीच नाही, सगळेच बोटीने आलेले. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम, मळ्यांचे फ्रेंच मालक, चिनी व्यापारी आणि १८३४ पासून कराराने आणलेले हिंदुस्थानी मजूर. मजुरांचा आकडा साडेचार लाखांच्या घरात जातो. बहुतेक बिहार आणि पूर्वेकडचे, काही मद्रासेकडचे, आणि मुंबई बंदरातून चढलेले आपले कोकण-घाटावरचे.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रिओल (म्हणजे मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज) आणि मुस्लिम वस्त्यांत दंगली झाल्या होत्या. राज्यघटनेत अल्पसंख्याकांना भरवसा देणारी एक तरतूद आहे, ती मात्र या दंगलींच्या आधीच ठरलेली. संसदेत ६२ निवडून आलेले आणि शिवाय जास्तीत जास्त ८ ‘बेस्ट लूझर’, म्हणजे पडलेल्या उमेदवारांतले सर्वात जास्त मतं घेतलेले. पण हे कोणत्याही पडलेल्याला नाही. घटनेने चार समाज ठरवले: हिंदू, मुस्लिम, चिनी मॉरिशियन आणि चौथा ‘जनरल पॉप्युलेशन’. चौथ्याची व्याख्या अशी, की ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिघांत बसत नाही असं दिसतं, तो चौथ्यात.

ही व्याख्या दोनदा वाचा. साखरेच्या मळ्यांचे गोरे मालक आणि त्याच मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज एकाच खोक्यात! उरलेल्यांचं खोकं.

आता हिशोब. जागा देताना प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्यायची, त्याच्या निवडून आलेल्या सदस्यांत एक मिळवायचा आणि त्याने भागायचं. ज्याचा भागाकार मोठा, त्या समाजाचा पडलेला उमेदवार आत. पुढच्या जागेला पुन्हा तेच. गणित म्हणून सरळ आहे. भानगड लोकसंख्येच्या आकड्यात आहे. समाज विचारणारी शेवटची जनगणना १९७२ ची. १९८२ मध्ये ‘आपण सगळे मॉरिशियन’ या भूमिकेतून तो प्रश्न काढून टाकला. जागांचं वाटप मात्र तसंच ठेवलं आणि त्यासाठी १९७२ चेच आकडे कायम केले. आजही तेच वापरतात. चिनी समाजातली कितीतरी कुटुंबं मधल्या काळात परदेशी निघून गेली, क्रिओल आणि इतरांत लग्नं झाली, पण कागदावर १९७२ सालचं बेट जसंच्या तसं आहे.

काही तरुण कार्यकर्त्यांनी उमेदवारी अर्जात समाज लिहायला नकार दिला. अर्ज बाद झाले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं: इतके जुने आकडे धरून उमेदवाराला समाज जाहीर करायची सक्ती योग्य नाही. २०१४ च्या निवडणुकीपुरती सक्ती उठवली, अट इतकीच की जो समाज लिहिणार नाही त्याला त्या जादा जागा नाहीत. व्यवस्था अजून आहे तिथेच आहे.

आणि आता शीर्षकातला मुद्दा. समाजाचा रकाना गेला, पण धर्माचा राहिला, आणि ‘पूर्वजांची भाषा’ नावाचा एक रकानाही होता. (घरी नेहमी बोलता ती भाषा वेगळी विचारायचे, पूर्वजांची वेगळी.) धर्माचे तक्ते उघडून पाहिले तर ‘हिंदू’ या ओळीशिवाय ‘तमिळ’, ‘तेलुगू’ आणि ‘मराठी’ अशा स्वतंत्र ओळी आहेत. कबीरपंथी, आर्यसमाजी यांच्या पंगतीत. म्हणजे तुमचा धर्म कोणता या प्रश्नाला हजारो लोक ‘मराठी’ असं उत्तर देतात!

भाषेच्या रकान्यातही तसंच. १९८३ च्या जनगणनेत तिथल्या पुष्कळ मुस्लिमांनी पूर्वजांची भाषा अरबी लिहिली. त्यांचे पूर्वज भारतातून गेलेले, भोजपुरी किंवा गुजराती बोलणारे. पुढच्या खेपेला त्यातले बरेच पुन्हा उर्दूकडे आले. पूर्वज सात वर्षांत बदलत नाहीत. बदलतं ते, आज आपल्याला कोणाशी जोडून घ्यायचंय ते.

माझं मत असं, की प्रश्न काढला म्हणून ओळख जात नाही, ती शेजारच्या रकान्यात जाऊन बसते आणि तिथे ती मोजायला जास्त अवघड होते. तुम्हाला काय वाटतं? आणि मॉरिशसशी कोणाचा प्रत्यक्ष संबंध असेल तर लिहाच.

---

टवाळ_पोपट

धर्म: मराठी. उपपंथ: मिसळ की वडापाव, हे ज्याने त्याने ठरवावे.

चांगला धागा. वाचतोय.

---

दर्यावर्दी

मालवाहू जहाजावर असताना पोर्ट लुईला बऱ्याचदा थांबणं व्हायचं, त्यामुळे चार शब्द.

रस्त्यावर पहिली ओळख ‘धोल पुरी’ची. पातळ पोळीत वाटलेली डाळ, वरून वालाच्या बियांसारख्या मोठ्या दाण्यांची आमटी आणि टोमॅटोचं रुगाय, कागदात गुंडाळून हातात. पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच म्हणा. गाडीवर चिनी, क्रिओल, मुसलमान, गोरा, सगळे एकाच रांगेत आणि सगळे क्रिओल भाषेत (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) हुज्जत घालणारे. तेव्हा मला वाटलं होतं की यांचा प्रश्न सुटला.

मग आमच्या एजंटाच्या कचेरीत सुट्ट्यांचं कॅलेंडर पाहिलं. महाशिवरात्र उत्तर हिंदुस्थानी हिंदूंची, कावडी तमिळांची, उगादी तेलुगूंची, गणेश चतुर्थी मराठ्यांची (मराठा नव्हे, मराठी भाषकांची, तिथे तसंच म्हणतात), ईद मुसलमानांची, चिनी नवं वर्ष चिन्यांचं. कॅथलिकांच्या दोन सणांत, असम्प्शन आणि ऑल सेंट्समध्ये, एका वर्षी एकाची सुट्टी आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याची. दिवाळी आणि ख्रिसमस सर्वांचे. १ फेब्रुवारी गुलामगिरी संपल्याची, २ नोव्हेंबर करारबद्ध मजूर आल्याची. कोणाचे पूर्वज कोणत्या बोटीने आले ते कॅलेंडरवरच लिहिलंय. जनगणनेत कशाला विचारायचं?

---

निळीशाई

दर्यावर्दी, हे फारच उपयोगी. सुट्टी मागायला आकडा लागत नाही, संघटना लागते. म्हणून संघटना जोमात.

---

गणकयंत्र

धागा आवडला, पण निष्कर्षाशी अर्धाच सहमत. विचारू नका म्हणणारे सगळे आंधळे नसतात. नायजेरियाने १९९१ आणि २००६ या दोन्ही जनगणनांत धर्म आणि वांशिक गट विचारला नाही. त्याआधीच्या गणनांवरून इतकी भांडणं झाली होती की आकडा हेच हत्यार झालं होतं. रवांडात १९९४ च्या नरसंहारात ओळखपत्रावरच्या हुतू-तुत्सी या नोंदीनेच माणसं वेचून मारली. तिथे नोंद काढून टाकणं हा जिवंत राहण्याचा प्रश्न होता. तुमच्या सर्वेक्षणशास्त्राला हे गणित घालता येईल का?

दुसऱ्या टोकाला लेबनॉन. शेवटची अधिकृत जनगणना १९३२ ची. संसदेच्या जागा ख्रिश्चन आणि मुस्लिमांत ६:५ अशा वाटायचे, यादवी संपवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारानंतर निम्म्या-निम्म्या केल्या. नव्याने मोजायची हिंमत कोणी करत नाही, कारण आकडा बदलला तर करारच बदलावा लागेल.

म्हणजे मोजणं-न मोजणं हा खरा मुद्दा नाही. मॉरिशसची चूक प्रश्न काढण्यात नाही, प्रश्न काढून जागा तशाच ठेवण्यात आहे. जागा वाटायच्या असतील तर ताजा आकडा हवा. आकडा नको असेल तर जागाही समाजावर वाटू नका. दोन्ही दगडांवर पाय ठेवले की १९७२ मध्ये अडकायला होतं.

आणि हसण्याआधी आपल्याकडे बघा. लोकसभेच्या जागा राज्याराज्यांत ज्या लोकसंख्येवर वाटल्या आहेत ती १९७१ ची! ४२ व्या घटनादुरुस्तीने गोठवल्या, ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलल्या. कारणं वेगळी आहेत, दक्षिणेने लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून तिला शिक्षा नको, वगैरे. पण आपणही पन्नास वर्षं जुन्या देशावरच मतदान करतोय.

---

टवाळ_पोपट

मॉरिशस १९७२, आपण १९७१. निदान यात तरी आपण एक वर्ष पुढे की मागे, ते गणकयंत्रांनी सांगावे.

---

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. एक सांगतो, असल्या ‘उपसंस्कृतीं’च्या संशोधनानेच देश फुटतात. इंग्रजांनी जनगणना आणली, जाती मोजल्या, फोडा आणि राज्य करा. आधी लोक गुण्यागोविंदाने राहत होते. आता परदेशी विद्यापीठांतले लोक येऊन विचारणार, तुम्ही आधी भारतीय की आधी मराठी. प्रश्नच चुकीचा आहे.

---

निळीशाई

‘गुण्यागोविंदाने’ला सोडून देते, त्यावर वेगळा धागा काढा. पण शेवटचं वाक्य बरोबर आहे, आधी-नंतर विचारणं चुकीचंच. आणि हे संशोधकांनाही कळलेलं आहे.

१९८० च्या दशकात लुईस मोरेनो या स्पॅनिश अभ्यासकाने स्कॉटलंडमध्ये असा प्रश्न वापरला, की तुम्ही स्वतःला फक्त स्कॉटिश मानता, ब्रिटिशपेक्षा जास्त स्कॉटिश, दोन्ही सारखंच, स्कॉटिशपेक्षा जास्त ब्रिटिश, की फक्त ब्रिटिश? पाच पर्याय. त्यात मधला पर्याय निवडण्याची मुभा आहे, एवढ्यानेच उत्तरांचं चित्र बदलतं. भारतातही अशा धर्तीचे प्रश्न विचारून झालेत, आणि ‘दोन्ही’ म्हणणारे भरपूर निघतात. एकमेकांना मारक नसलेल्या दोन निष्ठा असू शकतात, हे त्यामुळे तरी कागदावर आलं.

याउलट प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये जाहीर केलेला भारताचा अहवाल आठवा. २९,९९९ लोक, १७ भाषांत मुलाखती. त्यात खरा भारतीय असण्यासाठी हिंदू असणं अत्यंत महत्त्वाचं आहे असं ६४ टक्के हिंदूंनी सांगितलं. माध्यमांनी तो आकडा उचलून धरला. त्याच अहवालात सगळ्या धर्मांच्या लोकांत भारतीय असल्याचा अभिमान प्रचंड आहे, तो मथळा कमी जागी दिसला. दोन्ही आकडे खरे. एकाच माणसाची दोन उत्तरं आहेत ती, आणि ती एकमेकांशेजारी ठेवूनच वाचायला लागतात.

---

मोकावासी

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस फक्त वाचत होते. माझं माहेर चिपळूणजवळ, सासर मॉरिशसचं. सासरची मंडळी चार-पाच पिढ्यांपूर्वी गेलेली मराठी.

निळीशाईताईंनी लिहिलेल्या धर्माच्या रकान्याबद्दल सांगते. माझ्या सासऱ्यांना मी हे विचारलं होतं. ते म्हणाले, “हिंदू लिहिलं तर ते लोक आम्हाला भोजपुरीवाल्यांत धरतात.” तिथे बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे बहुतेक वेळा उत्तर हिंदुस्थानी, हिंदी-भोजपुरीवाले. आम्ही मराठी, ते तमिळ, ते तेलुगू. घटनेच्या चार खोक्यांत आम्ही सगळे एकाच ‘हिंदू’ खोक्यात, पण देऊळ वेगळं, पुजारी वेगळा, लग्नं शक्यतो आपल्यात, मंडळी वेगळी. त्यामुळे जिथे जागा मिळेल तिथे मराठी लिहायचं.

आता भाषेचं बघा. घरात आम्ही सगळे क्रिओल बोलतो. माझी मुलंही. आजेसासूबाईंना मराठी समजायचं, पण उत्तर क्रिओलमधून यायचं. गणपतीत मात्र आरती अस्सल मराठी, ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ एका श्वासात. पुस्तिका रोमन अक्षरांत छापलेली, कारण देवनागरी वाचणारे घरात दोघेच. मी लग्न होऊन आले तेव्हा आरतीचा वेग ऐकून हबकले, आमच्या गावापेक्षा जलद! झाकरी नाचतात, पायात घुंगरू, मध्ये ढोलकी. बघताक्षणी मला आमची शिमग्या-गणपतीतली जाखडी आठवली. चिपळूणच्या माझ्या भावाला व्हिडिओ पाठवला तर तो म्हणाला, “चाल जुनी आहे, आता इकडे कोणी असं नाचत नाही.”

सुट्टी गणेश चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी असते. २०२५ साली भारतात चतुर्थी २७ ऑगस्टला होती, इकडे सुट्टी २८ ला. विसर्जन त्याच दिवशी, दीड दिवसाचा गणपती, कोकणातल्यासारखाच. त्या दिवशी नदीवर आणि समुद्रावर मंत्री येतात, भाषणं होतात. सगळ्या पक्षांचे येतात. दर्यावर्दींचं कॅलेंडर बरोबर आहे पण ते अपुरं आहे. कोण कोणाच्या सणाला येऊन बसतो, हेही लोक मोजतात.

---

खडूफळा

मोकावासी, वा! लिहीत राहा. मी शिक्षक आहे म्हणून विचारतो, शाळेत मराठी शिकवतात का? आणि मुलांना ती का घ्यावीशी वाटते, घरी जर क्रिओलच आहे तर?

---

मोकावासी

खडूफळा सर, शिकवतात. सरकारी प्राथमिक शाळेत ‘पूर्वजांची भाषा’ म्हणून हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मँडरिन, अरबी यांतली एक निवडता येते. सरकार शिक्षक देतं. पुढे मोका गावी महात्मा गांधी संस्थेत पदवीपर्यंत मराठी आहे, ती संस्था १९७० ची.

का घेतात? खरं सांगायचं तर आजी-आजोबांसाठी, आणि वर्गात मुलं कमी असतात म्हणून लक्ष चांगलं मिळतं. शिवाय मराठी शिक्षकांच्या सरकारी नोकऱ्या आहेत, त्या आमच्या समाजाच्या लहानशा मध्यमवर्गाला महत्त्वाच्या वाटतात. मुलगा घरी येऊन ‘माझे बाबा शेतकरी आहेत’ असा धडा म्हणतो. त्याचे बाबा हॉटेलात हिशोबनीस.

यात सर्वात जास्त अन्याय झाला तो क्रिओल मुलांवर. त्यांच्या पूर्वजांच्या भाषा गुलामगिरीत पुसल्या गेल्या, त्यामुळे त्या तासाला त्यांना ‘आपली’ म्हणून भाषाच नव्हती. घरी बोलतात ती क्रिओल शाळेत विषय म्हणून आली २०१२ मध्ये. स्वातंत्र्यानंतर ४४ वर्षांनी! माझ्या शेजारणीला हे फार लागतं, आणि तिचं बरोबर आहे.

---

गणकयंत्र

हे फारच मार्मिक आहे. दहातली आठाहून जास्त माणसं जी भाषा घरी बोलतात ती सगळ्यांची, म्हणून ती कोणाचीच ‘संस्कृती’ धरली जात नाही. आणि घरी जवळपास कोणी बोलत नाही त्या सात भाषांना तास, शिक्षक, संस्था. भोजपुरीचं बघा, २००० मध्ये घरी भोजपुरी बोलणारे १२ टक्के, २०११ मध्ये ५ च्या आसपास. पण तिची गीतगवई (लग्नातली गाणी) २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

---

निळीशाई

क्रिओलचा इतिहास यापेक्षा चुरशीचा आहे. १९८२ मध्ये डाव्या आघाडीने तिथल्या निवडणुकीत मुख्य बेटाच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या. त्यांच्या उत्साही मंडळींना क्रिओल राष्ट्राची भाषा व्हावी असं वाटत होतं. १९८३ च्या स्वातंत्र्यदिनी दूरचित्रवाणीवर राष्ट्रगीत क्रिओलमधून गेलं आणि मोठा गदारोळ झाला. सरकार फुटायला इतरही कारणं होती, पण हे एक ठसठशीत. हिंदू मतदाराला क्रिओल भाषा म्हणजे क्रिओल समाजाची भाषा वाटली, सगळ्यांची नाही. तीच भाषा तो घरी रोज बोलतो, तरीही.

मॉरिशसवर सर्वाधिक लिहिणाऱ्यांपैकी एक नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ थॉमस हिलंड एरिक्सन (२०२४ मध्ये वारले). त्यांचं एक निरीक्षण मला फार पटतं. इंग्रजी तिथे टिकली, कारण ती कोणाचीच नाही. संसद, न्यायालय, पाठ्यपुस्तकं इंग्रजीत, आणि कुठल्याही समाजाला त्यात दुसऱ्याचा विजय दिसत नाही. आपल्याकडेही दक्षिणेच्या बाबतीत हेच झालं, असं म्हणायला जागा आहे.

आणि नोटांचं प्रकरण सांगायचं राहिलंच. त्यांच्या रुपयाच्या नोटेवर किंमत इंग्रजी, तमिळ आणि हिंदीत लिहिलेली, याच क्रमाने. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या त्यात हिंदी वर गेली आणि तमिळ खाली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. त्यांचं म्हणणं, फ्रेंचांच्या काळापासून आम्ही इथे आहोत, कारागीर म्हणून आलो, उसाच्या करारमजुरांच्या कितीतरी आधी. क्रम म्हणजे आगमनाचा क्रम. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हिंदीवाले संख्येने जास्त. शेवटी छापलेल्या नोटा मागे घेतल्या आणि १९९९ मध्ये जुन्या क्रमाने पुन्हा छापल्या. सरकारला दोन ओळींची अदलाबदल किती महागात पडली बघा!

---

दर्यावर्दी

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, काया नावाचा सेगे (तिथलं सेगा आणि रेगे यांचं मिश्रण) गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेटभर दंगली पेटल्या. आमचं जहाज तेव्हा बाहेर नांगरून ठेवलं होतं, किनाऱ्यावर उतरू दिलं नव्हतं. मरण पावला तो क्रिओल, त्यामुळे राग पोलिसांवर आणि पोलिसांच्या मागे दिसणाऱ्या हिंदू सत्तेवर. नोटेच्या ओळींवर रस्त्यावर येणाऱ्यांना निदान नोटा परत घ्यायला लावता आल्या. क्रिओलांना तेवढी ताकदवान संघटनाही नव्हती. ‘उरलेल्यांचं खोकं’ हे निळीशाईंचे शब्द त्यामुळे मला बोचले.

---

सावंतवाडी_जुना

मॉरिशस राहू दे, माझ्या घरात बघा. मी मालवणी बोलतो. आमची आई मालवणी बोलायची, आजी मालवणी बोलायची. २०११ च्या जनगणनेत मालवणी कोणत्या भाषेखाली मोजली ठाऊक आहे? कोकणीखाली! मराठीखाली नाही. अहिराणी तर मराठीत पण नाही, ‘खानदेशी’ नावाची वेगळीच भाषा. आणि भोजपुरी मात्र पाच कोटी लोकांसकट हिंदीच्या पोटात. हे कोणी ठरवलं? मला विचारलं का?

---

गणकयंत्र

सावंतवाडी_जुना, विचारलं होतं, पण तुमचं उत्तर जसंच्या तसं छापत नाहीत. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं १९,५६९ आली. त्यांची छाननी करून १,३६९ मातृभाषा ठरवल्या, आणि दहा हजारांहून जास्त भाषक असलेल्या मातृभाषा गटांत घालून १२१ भाषा झाल्या. कोणती बोली कोणत्या छत्रीखाली, हे भाषाविभागाचं तज्ज्ञमंडळ ठरवतं. मालवणीची व्याकरणातली जवळीक पाहिली तर कोकणीखाली घालण्याला भाषाशास्त्रीय आधार आहे. पण तुम्ही स्वतःला मराठी समजता हेही खरंच. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.

---

स्पष्टवक्ता

म्हणजे मालवणी माणूस मराठी नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला??

---

गणकयंत्र

मी काय म्हटलं ते वर लिहिलेलं आहे. पुन्हा वाचा.

---

टवाळ_पोपट

धागा दीडशे प्रतिसादांकडे चालला. 🙂

---

आजोळ

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये एकाच सामाजिक दर्जाच्या, पण आपसांतच लग्नं करणाऱ्या आठ गटांची जैविक तुलना केली होती. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे गट. बाहेरून पाहणाऱ्याला ‘ब्राह्मण’ हे एकच खोकं. आत आठ वेगळी लग्नाची वर्तुळं, आणि त्यांच्यात मोजता येण्याजोगे फरक. कर्व्यांचं म्हणणं साधारण असं, की समाज समजून घ्यायचा तर वरच्या मोठ्या नावापेक्षा प्रत्यक्ष सोयरीक कुठपर्यंत होते ते बघा. मोकावासींच्या सासऱ्यांनी नेमकं हेच सांगितलं, देऊळ वेगळं आणि लग्नं शक्यतो आपल्यात.

---

मोकावासी

आजोळ, सोयरिकीचं म्हणाल तर ते वर्तुळ हल्ली फुटतंय. माझ्या नणंदेने तेलुगू मुलाशी लग्न केलं, चुलत दिराने क्रिओल मुलीशी. नणंदेच्या लग्नाला सासऱ्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, मग नातू झाला. त्या मुलाने पुढे पूर्वजांची भाषा म्हणून काय घ्यायचं यावर दोन आज्यांत चर्चा चालू आहे. सध्या मराठी आणि तेलुगू दोन्ही हरल्यात, मुलाला क्रिओलचाच तास हवाय, कारण मित्र तिथे आहेत.

आणि हो, ज्या पक्षाच्या लोकांचे अर्ज समाज न लिहिल्यामुळे बाद झाले होते, तो पक्ष २०२४ च्या निवडणुकीनंतर सत्ताधारी आघाडीत आहे. निवडणूकपद्धत बदलायची चर्चा पुन्हा निघालीय. चर्चा मात्र इकडे दर पाच वर्षांनी निघते.

---

सावंतवाडी_जुना

एक शंका. २०२७ च्या जनगणनेत मी ‘मालवणी’ सांगितलं आणि बायको ‘मराठी’ म्हणाली (ती कोल्हापूरची) तर घराची भाषा कोणती धरणार? गणनेला येणारा मास्तर आमच्यात भांडण लावून जाईल. आणि मुलगा बंगळुरात वाढलेला, तो म्हणेल इंग्रजी.

---

निळीशाई

घराची भाषा असा प्रश्नच नसतो. मातृभाषा प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र लिहितात, आणि उत्तर देणारा जे नाव सांगेल तेच लिहायचं अशी गणकाला सूचना असते. त्याने स्वतःच्या मनाने ‘मालवणी म्हणजे मराठीच की’ असं करायचं नाही. त्याशिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा सांगता येतात. तुमच्या घरात तिघांच्या तीन नोंदी खुशाल चालतील. छाननी नंतर, कोलकात्याच्या भाषाविभागात.

मुलाला मात्र घरी असताना विचारून ठेवा. तुम्ही त्याच्या वतीने उत्तर दिलंत तर तो रकाना तुमचा होईल.